थ्रेशियन म्हणजे ग्रीकच का?

'थ्रेस हा ग्रीसचा प्रांत, म्हणजे प्राचीन थ्रेशियन लोकही ग्रीकच', असं अनेकदा वाचायला मिळतं. ग्रीसच्या ईशान्येला आजही थ्रेस नावाचा भाग आहे, त्यामुळे तसं वाटणं साहजिक. पण तो जुन्या थ्रेसचा एक तुकडा. उत्तरेचा मोठा भाग आज बल्गेरियात आहे, पूर्वेचा तुर्कस्तानात. नकाशात एक नदी शोधा: बल्गेरियात ती मारित्सा, ग्रीकांची एव्रोस, तुर्कांची मेरिच. तिन्ही देशांना जोडणारं तिचं खोरं थ्रेसमध्येच येतं.

आता भाषा. बल्गेरियातल्या एझेरोवो गावात १९१२ साली एक सोन्याची अंगठी सापडली. तिच्यावरची अक्षरं ग्रीक, पण ग्रीक म्हणून वाचायला गेलं तर अर्थच लागत नाही. मजकूर थ्रेशियन आहे आणि त्याच्या अर्थावर अजून एकमत नाही. लिपी एक म्हणून भाषा एक ठरत नाही. मराठी आणि नेपाळी दोन्ही देवनागरीतच लिहितात की!

किनाऱ्यावर मात्र अब्दिरासारख्या ग्रीक वसाहती होत्या, गोंधळाला तेही एक कारण. खुद्द ग्रीक थ्रेशियनांना परकेच मानत. इ.स.पू. ५व्या शतकातल्या एका ग्रीक इतिहासकाराने तर भारतीयांच्या खालोखाल सर्वांत मोठा लोकसमूह म्हणून त्यांची वेगळी नोंद केली आहे.