खुलासा: समावेशन म्हणजे महिला दिनाचा केक नव्हे

गोव्यात नोकरी शोधणाऱ्या मुलामुलींना घरचे अजून सांगतात, 'संघटना विकास, समावेशन ही एचआरची हौस. महिला दिनाला केक कापायचा, भिंतीवर पोस्टर लावायचं. यात कसलं करिअर!' हा समज चुकीचा आहे. त्यापायी चांगली मुलं या कामापासून लांब राहतात, याचं मला वाईट वाटतं.

संघटना विकास म्हणजे कंपनीतली कामाची पद्धत सुधारणं; समावेशन म्हणजे महिला, दिव्यांग, वेगळी भाषा बोलणारे अशा सगळ्यांना तिथे बरोबरीने काम करता येईल असं पाहणं. यातलं बरंचसं काम कायद्यानेच बांधलेलं आहे. २०१३च्या कायद्यानुसार १० किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती हवीच. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याखालच्या नियमांनुसार २० किंवा अधिक माणसांच्या खासगी आस्थापनेला समान संधी धोरण जाहीर करावं लागतं, संपर्क अधिकारी नेमावा लागतो.

वेर्ण्यातला एखादा कारखाना घ्या. आगीची सूचना फक्त भोंग्याने मिळत असेल, तर ऐकू न येणारा कामगार मशीनपाशीच उभा राहील. तिथे लुकलुकणारा दिवा हवा, सुटकेच्या सरावात त्याचा जोडीदार ठरलेला हवा. फलक फक्त इंग्रजीत असले तर कोंकणी, मराठी, कन्नड बोलणारेही अडतात. हे शोधायचं, व्यवस्थापनाकडून पैसे मंजूर करून घ्यायचे, काही महिन्यांनी पुन्हा तपासायचं. पोस्टर त्यानंतर.

एमबीए उपयोगी, पण अट नव्हे. समाजकार्य, मानसशास्त्र, कामगार कायदा यांतूनही लोक इथे येतात. पणजीत २०२३मध्ये सुरू झालेल्या पर्पल फेस्टला, म्हणजे दिव्यांगांसाठीच्या महोत्सवाला जा आणि नोकरी करणाऱ्या दिव्यांगांनाच विचारा, कामावर नेमकं कुठे अडतं ते.