आर्मी अँड नेव्ही स्टोअर्स

ब्रिटिश लष्करातील व नौदलातील अधिकाऱ्यांनी स्वतःसाठी काढलेले सहकारी भांडार. पुढे ते लंडनमधील एक नामांकित बहुविभागी दुकान, म्हणजे आपल्याकडच्या बोलीत डिपार्टमेंटल स्टोअर, झाले. मूळ नाव ‘आर्मी अँड नेव्ही को-ऑपरेटिव्ह सोसायटी’, स्थापना १८७१. मुंबईकरांना हे नाव वेगळ्या कारणाने ओळखीचे आहे. काळा घोडा चौकात, जहांगीर आर्ट गॅलरीच्या समोरच्या रांगेत उभ्या असलेल्या इमारतीला आजही ‘आर्मी अँड नेव्ही बिल्डिंग’ म्हणतात.

या भांडाराचा जन्म काटकसरीतून झाला. एकोणिसाव्या शतकातील लंडनचे दुकानदार सभ्य गिऱ्हाइकाला उधारी देत आणि तिचा भार किमतीत घालत. वेळेवर रोख पैसे देणाऱ्यालाही तीच चढी किंमत मोजावी लागे. १८६४ मध्ये टपाल खात्यातील काही कारकुनांनी चहाची एक पेटीच घाऊक भावाने आणली व आपसात वाटून घेतली. त्यातून सरकारी नोकरांचे सहकारी भांडार उभे राहिले. सैन्यातील अधिकाऱ्यांनी हाच कित्ता गिरवला. १८७२ मध्ये वेस्टमिन्स्टरच्या व्हिक्टोरिया स्ट्रीटवर त्यांचे दुकान सुरू झाले. तिथे जाहिरातबाजी नव्हती आणि रस्त्यावरून जाणाऱ्याला भुरळ घालणाऱ्या काचाही नव्हत्या. सभासदत्व मुख्यतः सैन्यातील अधिकारी आणि त्यांचे कुटुंबीय यांच्यासाठी होते. मालाची मागणी नोंदवताना आपला सभासद क्रमांक द्यावा लागे. ज्याला पलटणीत नाव-नंबर सांगायची सवय असते, त्याला दुकानातही तसेच विचारले जाणे परके वाटले नसणार. या भांडारांनी बाजारभाव पाडल्याची ओरड व्यापाऱ्यांनी इतकी केली, की १८७९ मध्ये ब्रिटिश संसदेला सहकारी भांडारांच्या चौकशीसाठी समिती नेमावी लागली.

भांडाराची खरी ओळख म्हणजे त्याची किंमतपुस्तिका. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिची पाने हजारावर गेली होती. परमुलुखात नेमणूक झालेल्या माणसाला लागेल ते सगळे तिच्यात सापडे : तंबू, घडीची खाट, घडीचे स्नानपात्र, आतून पत्रा मारलेल्या ट्रंका, शोला टोपी, खोगीर, बंदुका, डबाबंद मुरांबे, औषधांची पेटी, वाद्ये. थडग्यावरचा दगडसुद्धा मागवता येई. सामान नुसते विकत नसत, ते प्रवासाच्या हिशेबाने घडवलेले असे. कपाटाचे दोन भाग सुटे होत, म्हणजे खेचराच्या वा उंटाच्या पाठीवर दोन्हीकडे सारखे वजन येई. मुठी लाकडात खोल बसवलेल्या असत, बाहेर आलेली मूठ ओझे लादताना मोडते म्हणून. कोपऱ्यांना पितळी पट्ट्या असत. जुन्या वस्तूंच्या बाजारात अशा पेट्या किंवा बंदुकीची खोकी अजून फिरतात. झाकणाच्या आत ‘आर्मी अँड नेव्ही सी.एस.एल.’ अशी खूण दिसली, की ती वस्तू या भांडारातली. शेवटची तीन अक्षरे म्हणजे ‘को-ऑपरेटिव्ह सोसायटी लिमिटेड’.

हिंदुस्थानात नेमलेले अधिकारी आरंभी लंडनहून बोटीने माल मागवत. १८९१ मध्ये मुंबईत शाखा निघाली, १९०१ मध्ये कलकत्त्यात. मुंबईची जागा अचूक निवडलेली होती. शेजारी वॉटसन हॉटेल, पलीकडे डेव्हिड ससून ग्रंथालय, मग एल्फिन्स्टन कॉलेज. बोटीतून उतरलेला नवा साहेब हॉटेलात सामान टाकून चार पावलांवर आपली सगळी खरेदी उरकू शके. याच वॉटसन हॉटेलात ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंची चलच्चित्रे हिंदुस्थानात प्रथम दाखवली गेली, तेव्हा हे दुकान मुंबईत येऊन पाच वर्षे झाली होती.

पण या परंपरेबद्दल लिहिताना दुकानाच्या दाराबाहेर कोण होते, तेही नोंदले पाहिजे. ज्या मराठा, महार, राजपूत, पंजाबी शिपायांच्या बळावर हे सैन्य उभे होते, त्यांच्यासाठी हे भांडार नव्हते. शिपायाची खरेदी छावणीला लागून वसवलेल्या बाजारात होई. पुणे, सातारा, सोलापूर या गावांत ‘सदर बाजार’ नावाची पेठ आहे ती याच व्यवस्थेची खूण. मराठीत लष्करी बाजाराची आठवण राहिली ती सदर बाजाराच्या रूपाने. साहेबाच्या दुकानाचे नाव राहिले ते फक्त इमारतीला.

याच मुंबईत १९०६ मध्ये ‘बॉम्बे स्वदेशी को-ऑपरेटिव्ह स्टोअर्स’ सुरू झाले. त्याच्या उभारणीत लोकमान्य टिळकांचा पुढाकार होता. साहेबांच्या भांडाराने ‘सहकारी’ हा शब्द स्वस्ताईसाठी वापरला. स्वदेशीवाल्यांनी तोच शब्द देशी मालाला हक्काची जागा मिळवून देण्यासाठी वापरला. एकाच शहरात, जवळजवळ हाकेच्या अंतरावर, एका शब्दाचे हे दोन अर्थ नांदत होते. मुंबईच्या व्यापारी इतिहासातली ही गोष्ट आजवर मिळाली त्याहून कितीतरी अधिक लक्ष मिळण्याजोगी आहे. हॉर्नबी रोडवरच्या (आजचा दादाभाई नौरोजी मार्ग) व्हाइटअवे लेडलॉ या दुसऱ्या बड्या गोऱ्या दुकानाच्या इमारतीत तर स्वातंत्र्यानंतर खादी भांडार आले.

पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, १९१८ मध्ये, लंडनचे भांडार सर्वांना खुले झाले. १९२० च्या दशकात दर्शनी काचा आल्या. १९३४ मध्ये नावातून ‘को-ऑपरेटिव्ह सोसायटी’ गेली आणि ‘आर्मी अँड नेव्ही स्टोअर्स लिमिटेड’ उरले. हिंदुस्थानातील शाखा ब्रिटिश सत्तेबरोबरच आवरल्या गेल्या. १९७३ मध्ये हाउस ऑफ फ्रेझर या समूहाने कंपनी विकत घेतली. व्हिक्टोरिया स्ट्रीटवरची जुनी वास्तू पाडून त्याच दशकात नवी बांधली. २००५ मध्ये तिच्यावरची ‘आर्मी अँड नेव्ही’ ही पाटीही उतरली.

याच नावाचे कॅनडातील दुकान वेगळे, त्याची गल्लत करू नये. सॅम कोहेन यांनी १९१९ मध्ये व्हँकुव्हरला ते काढले. युद्धानंतर उरलेला लष्करी माल आणि स्वस्त कपडे-जोडे हा त्याचा व्यवसाय. तिथे सभासदत्वाची अट नव्हती. कामगार, लाकूडतोडे, नव्याने आलेली कुटुंबे यांचा तो आधार होता आणि त्याच्या जोड्यांच्या सेलसाठी लोक पहाटेपासून रांगा लावत. कोरोनाच्या टाळेबंदीत, २०२० मध्ये, ते कायमचे बंद झाले. शंभर वर्षे पुरी करून गेलेल्या या दुकानाबद्दल तिथल्या लोकांना वाटलेली हळहळ मनापासूनची होती. अंगावरचा पहिला गरम कोट जिथून घेतला, ती जागा माणूस विसरत नाही.

सैनिकांसाठीच्या दुकानाची परंपरा भारतात मात्र थांबलेली नाही. १९४२ मध्ये युद्धकाळात लष्करी कॅन्टीनची सरकारी व्यवस्था लागली आणि १९४८ पासून ती ‘कॅन्टीन स्टोअर्स डिपार्टमेंट’ या नावाने चालते. तिचे मुख्यालय मुंबईत महर्षी कर्वे रोडवर आहे. देशभरातील ३४ आगारांतून युनिटच्या कॅन्टीनना माल जातो. अधिकारी, जवान, माजी सैनिक, वीरपत्नी असे सगळे तिचे हक्कदार आहेत. १८७१ च्या भांडारात जे नव्हते ते इथे आहे.

सातारा-कोल्हापूरकडच्या गावांत ‘कॅन्टीन’ हा नुसता शब्द पुरतो, पुढे काही सांगावे लागत नाही. सुट्टीवर आलेल्या जवानाची काळी ट्रंक ओट्यावर टेकते. झाकणावर पांढऱ्या रंगात नाव, नंबर, युनिट. आत घडीच्या कपड्यांखाली साबणाच्या वड्या, चहाचे पुडे, आईसाठी शाल. शेजारची एखादी काकू विचारते, “कॅन्टीनचा कुकर मिळंल का रं, पैसं देते की.” निवृत्त सुभेदार महिन्यातून एकदा कार्ड खिशात घालून एस.टी.ने तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गावी जातो. तिथे रांगेत जुने सोबती भेटतात, कोण गेला, कोणाचा पोरगा भरती झाला हे कळते. दोन पिशव्या सामानासाठी त्याचा अख्खा दिवस जातो, पण तो दिवस वाया गेला असे तो कधी म्हणत नाही. तेच सामान आता फोनवर मागवता येते हे त्याला नातू सांगतो, तरी तो जातोच.

बहुविभागी दुकानांविषयीची हळहळ याच जातीची आहे. मॉल, साखळी दुकाने आणि घरपोच माल यांनी जगभर ही दुकाने मागे टाकली. मुंबईत गिरणगावातल्या नायगावात १९४८ मध्ये उभा राहिलेला ‘अपना बाजार’ हाही सहकाराचाच वारस, आणि त्याच्या गजबजलेल्या दिवसांबद्दल जुने कामगार असेच बोलतात. माल कुठेही मिळतो, कित्येकदा स्वस्तही मिळतो. मिळत नाही तो काउंटरपलीकडचा माणूस, ज्याला आपला सभासद क्रमांक पाठ होता आणि गेल्या दिवाळीला नेलेल्या साडीचा रंगही.

काळा घोडा येथील इमारतीत तळमजल्यावर टाटा समूहाचे ‘वेस्टसाइड’ हे कपड्यांचे दुकान आले, म्हणजे दुकानदारी त्या वास्तूत टिकली. समोरच्या चौकाला ज्याने नाव दिले तो सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळा १९६५ मध्ये भायखळ्याच्या राणीच्या बागेत हलवला. २०१७ मध्ये चौकात स्वाराविना नवा घोडा बसवला गेला. मधली बावन्न वर्षे तिथे घोडा नव्हता, तरी टॅक्सीवाल्याला ‘काळा घोडा, आर्मी अँड नेव्ही बिल्डिंग’ एवढेच सांगितले की पुरत असे.