ड्रायव्हर नाही की फर्मवेअर नाही? स्वतः कंपाइल केलेल्या कर्नेलनंतरचा एक नेहमीचा घोळ

स्वतः कंपाइल केलेला लिनक्स कर्नेल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, पहिल्यांदा बूट होतो, लॉगिनची खिडकी दिसते, समाधान वाटते आणि मिनिटभरात लक्षात येते की वाय-फाय गायब आहे. जुना कर्नेल निवडून पुन्हा बूट केले की तेच वाय-फाय बिनतक्रार चालते, म्हणजे कार्ड बिघडलेले नाही हे उघड होते. अशा वेळी बहुतेकांच्या तोंडी एकच वाक्य येते : ‘ड्रायव्हर लोड होत नाही.’ या एका वाक्याआड दोन वेगळे दोष दडलेले असतात. एकात ड्रायव्हर खरोखरच नसतो. दुसऱ्यात ड्रायव्हर जागेवर हजर असतो, पण त्याला लागणारे फर्मवेअर त्याच्या हाती पडलेले नसते. वापरणाऱ्याला दोन्ही सारखेच दिसतात, उपाय मात्र एकमेकांच्या जवळपासही नाहीत. फर्मवेअरची फाइल नाही म्हणून कर्नेल पुन्हा कंपाइल करायला घेतला, तर वेळ जातो आणि माणूस होता तिथेच राहतो.

ड्रायव्हर म्हणजे उपकरण चालवणारा प्रोग्राम; तो कर्नेलचा भाग असतो. तो कर्नेलच्या सोर्समधूनच (मूळ कोडमधूनच) तयार होतो, संगणकाच्या मुख्य प्रोसेसरवर चालतो, आणि कॉन्फिगमध्ये, म्हणजे कंपाइलआधीच्या निवडींच्या फाइलीत, ‘वाय’ निवडल्यास कर्नेलच्या इमेजमध्येच बसतो, तर ‘एम’ निवडल्यास गरजेप्रमाणे लोड होणारे वेगळे मॉड्यूल म्हणून ‘/लिब/मॉड्यूल्स’खाली त्या कर्नेलच्या नावाच्या फोल्डरमध्ये जातो. फर्मवेअर मुख्य प्रोसेसरवर चालतच नाही. वाय-फाय कार्ड, ब्लूटूथ चिप, ग्राफिक्स कार्ड यांच्या पोटात स्वतःचे छोटे प्रोसेसर असतात आणि फर्मवेअर त्यांच्यासाठी असते. कर्नेलच्या लेखी ती केवळ एक बायनरी फाइल. ड्रायव्हर ती ‘/लिब/फर्मवेअर’मधून मागवतो आणि उपकरणाच्या मेमरीत उतरवून देतो. काही उपकरणे आपले फर्मवेअर स्वतःच्याच फ्लॅश चिपमध्ये बाळगतात, त्यामुळे त्यांच्याबाबत हा प्रश्न उद्भवत नाही. पण बहुतेक वाय-फाय कार्डांची ती मेमरी वीज गेली की रिकामी होते आणि दर बूटला फाइल नव्याने द्यावी लागते.

घोळाचे मूळ इतिहासातही आहे. कर्नेलच्या सोर्समध्ये पूर्वी ‘फर्मवेअर’ नावाचे एक फोल्डर होते आणि काही फाइली त्यातून मिळत. २०१७ मधल्या ४.१४ आवृत्तीत ते काढून टाकले गेले. आता या फाइली ‘लिनक्स-फर्मवेअर’ या स्वतंत्र संग्रहातून येतात आणि वितरणे, म्हणजे लिनक्सचे तयार संच, त्यांची वेगळी पॅकेजे करतात. डेबियन या वितरणाने तर १२व्या आवृत्तीपासून त्यांच्यासाठी स्वतंत्र विभागच उघडला. याचा व्यावहारिक अर्थ असा की ‘मेक मॉड्यूल्स_इन्स्टॉल’ ही आज्ञा मॉड्यूल्स जागेवर ठेवते, पण फर्मवेअरच्या एकाही फाइलला हात लावत नाही.

दोन्ही दोष वेगळे ओळखण्याची माझी पहिली कसोटी साधी आहे. ड्रायव्हर नसेल तर लॉग, म्हणजे कर्नेलच्या संदेशांची नोंद, गप्प असतो. फर्मवेअर नसेल तर लॉग बोलतो. ‘फाइल मिळाली नाही’ अशी तक्रार करायलाही कोणीतरी लागतो, आणि तो कोणीतरी म्हणजे ड्रायव्हर. ‘डीमेसेज’ या आज्ञेने दिसणाऱ्या लॉगमध्ये तुमच्या उपकरणाच्या नावाने एकही ओळ नसेल, तर त्या उपकरणाकडे कोणी फिरकलेच नाही असे समजावे. ‘डायरेक्ट फर्मवेअर लोड फॉर…’ अशी सुरुवात आणि ‘फेल्ड विथ एरर -२’ असा शेवट असलेली ओळ सापडली, तर ड्रायव्हर जिवंत आहे, त्याने उपकरण ओळखले आहे आणि तो फाइलपाशी अडला आहे, एवढे नक्की. इथला उणे दोन हा आकडा ‘अशी फाइल नाही’ या अर्थाचा कर्नेलचा ठरलेला त्रुटीक्रमांक आहे.

दुसरी साक्ष जोडलेल्या पीसीआय उपकरणांची यादी देणाऱ्या ‘एलएसपीसीआय’ या आज्ञेची घ्यावी. तिला ‘-एनएनके’ हा पर्याय दिला की प्रत्येक उपकरणाखाली दोन ओळी येऊ शकतात. ‘कर्नेल मॉड्यूल्स’ ही ओळ सांगते की या उपकरणाला शोभणारे मॉड्यूल डिस्कवर आहे. ‘कर्नेल ड्रायव्हर इन यूज’ ही ओळ सांगते की या घडीला उपकरण कोणाच्या ताब्यात आहे. दोन्ही ओळी नसतील तर ड्रायव्हर बांधलेलाच नाही किंवा बांधून जागेवर ठेवलेला नाही. पहिली आहे पण दुसरी नाही, तर मॉड्यूल लोड झाले नाही किंवा लोड होऊन मधेच माघारी फिरले. कारण लॉगमध्ये पाहावे. दोन्ही असूनही उपकरण चालत नसेल, तर संशयाची सुई फर्मवेअरकडे वळते. यूएसबीवरचे ब्लूटूथ एलएसपीसीआयच्या यादीत येत नाही, पण त्यात हा शेवटचा प्रकार नेहमी घडतो : ‘बीटीयूएसबी’ हा ड्रायव्हर उपकरणाला चिकटलेला असतो, पण फाइलअभावी आतली चिप पुढे सरकत नाही.

ड्रायव्हर नसण्याची कारणे फार खोल नसतात, पण त्यातले एक चकवणारे आहे. कंपाइलचा वेळ वाचवण्यासाठी अनेक जण ‘मेक लोकलमॉडकॉन्फिग’ वापरतात. ही आज्ञा त्या क्षणी लोड असलेल्या मॉड्यूलांची यादी घेते आणि बाकीची मॉड्यूले कॉन्फिगमधून वगळते. त्या क्षणी जे जोडलेले नव्हते, ते तिच्या हिशेबी अस्तित्वातच नसते. पेनड्राइव्ह काढून ठेवला होता, प्रिंटर बंद होता, गेमपॅड कपाटात होते. नव्या कर्नेलमध्ये यांपैकी एकाचाही ड्रायव्हर नसेल आणि लॉगमध्ये ड्रायव्हरकडून त्याबद्दल अवाक्षरही नसेल. म्हणून ती आज्ञा देण्यापूर्वी वापरातली सगळी उपकरणे एकदा जोडून घ्यावीत, किंवा लोड असलेली मॉड्यूले दाखवणाऱ्या ‘एलएसमॉड’च्या काही दिवसांतल्या याद्या साठवून त्यांची एकत्रित फाइल तिला द्यावी, अशी फाइल देण्याची सोय तिच्यात आहे.

एकच उपकरण बंद आहे की एकदम चार-पाच, हेही पाहावे. आवाज, वाय-फाय, ब्लूटूथ, कॅमेरा सगळेच एकदम गेले असेल, तर कॉन्फिगमधल्या एखाद्या पर्यायाला दोष देण्याआधी चालू कर्नेलचे नाव सांगणाऱ्या ‘युनेम -आर’चे उत्तर आणि ‘/लिब/मॉड्यूल्स’मधल्या फोल्डरचे नाव अक्षर न् अक्षर ताडून पाहावे. गिटमधून घेतलेल्या सोर्समध्ये एखादा बदल नोंदवला की कर्नेलच्या नावापुढे अधिक चिन्ह लागू शकते. मग इमेज नव्या नावाची, मॉड्यूले जुन्या नावाच्या फोल्डरात, आणि कर्नेल भलत्याच दाराशी उभा. ‘मेक मॉड्यूल्स_इन्स्टॉल’ पुन्हा चालवले की हा दोष जातो.

सोर्सबाहेरचे ड्रायव्हर, म्हणजे एनव्हिडियाचा स्वतःचा किंवा व्हर्च्युअलबॉक्सचा, दर नव्या कर्नेलसाठी पुन्हा बांधावे लागतात. डीकेएमएस ही प्रणाली ते काम आपोआप करते, पण त्याला नव्या कर्नेलचे हेडर किंवा बांधलेले सोर्स-फोल्डर हाताशी लागते. इथे आणि मॉड्यूलवरच्या डिजिटल सहीच्या प्रकरणात मात्र ‘ड्रायव्हर नाही तर लॉग गप्प’ हा माझा नियम मोडतो. मॉड्यूल दुसऱ्या कर्नेलसाठी बांधलेले असेल तर मॉड्यूल लोड करणारी मॉडप्रोब ही आज्ञा ‘एक्झेक फॉरमॅट एरर’ म्हणून ते परत करते. सही जुळली नाही तर ‘की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस’ असे उत्तर येते. ‘मेक एमआरप्रॉपर’ ही साफसफाई कंपाइलच्या वेळी आपोआप तयार झालेली सहीची किल्लीही पुसून टाकते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. त्यानंतरचा कर्नेल नवी किल्ली घेऊन येतो, आणि सहीची सक्ती चालू असेल तर जुन्या मॉड्यूलांना ओळख देत नाही. दोन्ही प्रकारांत ओळ आली तरी ती मॉड्यूलविषयी असते, फर्मवेअरच्या फाइलविषयी नाही. तेवढा फरक वाचताना डोळ्यांसमोर ठेवावा.

फर्मवेअरच्या बाजूला मामला अधिक रंगतो, कारण फाइल नसणे हे त्यातले सर्वांत सोपे कारण आहे. फाइल नसेल तर पॅकेज बसवावे, आणि कोणती फाइल हवी हे मॉडइन्फो या आज्ञेला ‘-एफ फर्मवेअर’ देऊन त्या मॉड्यूलबाबत विचारावे. ते नावांची यादीच हातात ठेवते. खरी पंचाईत होते ती ‘फाइल नाही’ असे लॉग म्हणत असताना फाइल डोळ्यांदेखत फोल्डरमध्ये दिसते तेव्हा.

असे दोन कारणांनी होते. पहिले कारण कॉम्प्रेशनचे. अनेक वितरणे जागा वाचवण्यासाठी या फाइली एक्सझेड किंवा झेडस्टँडर्ड प्रकारात आवळून ठेवतात, आणि त्यांच्या कर्नेलमध्ये आवळलेली फाइल वाचण्याचा पर्याय चालू असतो. एक्सझेडची सोय ५.३ या आवृत्तीपासून आणि झेडस्टँडर्डची ५.१९ पासून कर्नेलमध्ये आहे, पण तो कॉन्फिगमधला पर्याय आहे. स्वतःचा कॉन्फिग रिकाम्या पाटीवरून लिहिताना तो हमखास राहून जातो. मग ड्रायव्हर ‘बिन’ने संपणारे नाव मागतो, फोल्डरमध्ये त्याच नावापुढे ‘एक्सझेड’ लागलेले असते, आणि कर्नेलच्या दृष्टीने या दोन फाइलींचे एकमेकींशी काही नाते नसते. ही अशी दुर्मीळ वेळ आहे जेव्हा फर्मवेअरच्या दोषासाठी कर्नेल पुन्हा कंपाइल करणे योग्य ठरते.

दुसरे कारण वेळेचे. ड्रायव्हर ‘वाय’ करून इमेजमध्येच बसवला असेल तर तो बूटच्या अगदी सुरुवातीला जागा होतो, म्हणजे मूळ फाइल-सिस्टिम (मुख्य डिस्क) माउंट होण्याच्याही, वापरासाठी जोडली जाण्याच्याही, आधी. त्या क्षणी ‘/लिब/फर्मवेअर’ अजून उघडलेलेच नसते. ड्रायव्हर फाइल मागतो, उणे दोन हे उत्तर घेतो आणि बहुतेक वेळा पुन्हा विचारायला येत नाही. काही सेकंदांनी डिस्क माउंट होते, फाइल दिसू लागते, पण तोवर गाडी सुटलेली असते. लॉगमधल्या ओळीच्या डावीकडचा वेळ पाहिला की हे उघड होते : तक्रार दीड सेकंदाला आणि मूळ डिस्क माउंट झाल्याची नोंद अडीच सेकंदाला असेल, तर दोष फाइलीचा नाही, क्रमाचा आहे. ‘मेक लोकलयेसकॉन्फिग’ वापरणारे यात हटकून सापडतात, कारण ती आज्ञा लोड असलेली मॉड्यूले कर्नेलमध्येच बसवून टाकते. तिच्या ‘लोकलमॉडकॉन्फिग’ या बहिणीने ड्रायव्हर हरवतो आणि हिच्यामुळे फर्मवेअर चुकते, ही गंमत मला नेहमी वाटते. एएमडीच्या ग्राफिक्सबाबत मात्र गंमत फार काळ टिकत नाही, कारण ‘एएमडीजीपीयू’ या त्यांच्या ड्रायव्हरला फर्मवेअर मिळाले नाही की पडदाच काळा होतो आणि लॉग वाचायलाही दुसरी वाट शोधावी लागते.

यावर तीन उपाय आहेत आणि मी ते याच क्रमाने सुचवेन. ड्रायव्हर ‘एम’ करावा. तो मग डिस्क माउंट झाल्यावर लोड होईल. तो सुरुवातीलाच हवा असेल, तर फाइल इनिटरॅमएफएसमध्ये, म्हणजे मूळ डिस्कच्या आधी मेमरीत उघडणाऱ्या छोट्या फाइल-सिस्टिममध्ये, घालावी आणि पॅकेज नंतर बसवले असेल तर इनिटरॅमएफएस पुन्हा तयार करावा, कारण जुन्या इनिटरॅमएफएसला नव्या फाइलीचा पत्ता नसतो. इनिटरॅमएफएस वापरायचाच नसेल, तर ‘एक्स्ट्रा फर्मवेअर’ या पर्यायात फाइलीचे नाव देऊन ती कर्नेलच्या इमेजमध्येच गुंफता येते. तिथे फाइल उलगडलेल्या रूपात लागते. शेवटच्या उपायाबाबत कर्नेलच्या मदत-मजकुरातच एक इशारा आहे : जीपीएल या कर्नेलच्या परवान्याखाली नसलेले फर्मवेअर गुंफलेली इमेज इतरांना वाटणे हा परवान्याचा भंग ठरू शकतो. स्वतःच्या यंत्रापुरते हे आड येत नाही.

तक्रार आली म्हणजे दोष सापडलाच, असेही मानू नये. इंटेलच्या वाय-फाय कार्डांचा ‘आयडब्ल्यूएलवायफाय’ हा ड्रायव्हर आधी आपल्याला ठाऊक असलेली सर्वांत नवी फाइल मागतो, ती नसल्यास त्याखालची, मग त्याखालची. नवा कर्नेल आणि थोडे जुने फर्मवेअर-पॅकेज असे मिश्रण असेल तर उणे दोनच्या तीन-चार ओळी लागोपाठ येतात, आणि त्यांच्याखाली ‘लोडेड फर्मवेअर व्हर्जन’ अशी ओळ शांतपणे बसलेली असते. वाचणारा पहिल्या तांबड्या ओळीवरच थांबतो आणि नसलेल्या आजारावर औषध शोधत बसतो. सगळ्या ओळी संपून ‘नो सुटेबल फर्मवेअर फाउंड’ आले तरच तो खरा दोष. त्याच ड्रायव्हरची ‘योयो’ नावाची फाइल तर निव्वळ डीबगिंगसाठी असते; ती नसल्याने काही अडत नाही. रियलटेकच्या तारेवरच्या नेटवर्कचा ‘आर८१६९’ही फर्मवेअरबद्दल कुरकुरतो आणि सहसा चालत राहतो.

याच इंटेल ड्रायव्हरमध्ये उलट फसगतही आहे. तो दोन भागांत लिहिलेला आहे : ‘आयडब्ल्यूएलवायफाय’ कार्ड ओळखतो आणि फर्मवेअर आणतो, तर बऱ्याच कार्डांसाठी प्रत्यक्ष वाय-फायचे काम ‘आयडब्ल्यूएलएमव्हीएम’ करतो. कॉन्फिगमध्ये दुसरा भाग निवडायचा राहिला, तर पहिला भाग उपकरण ताब्यात घेतो, एलएसपीसीआय ‘इन यूज’ दाखवते, फर्मवेअरची फाइलही मिळते, आणि नेटवर्कच्या यादीत वाय-फाय तरीही येत नाही. सगळ्या खुणा फर्मवेअरकडे बोट दाखवत असताना उणीव ड्रायव्हरचीच असते. लॉगमध्ये दुसऱ्या मॉड्यूलच्या नावासह ‘फेल्ड टू लोड मॉड्यूल’ ही ओळ मिळाली की तिथे थांबावे आणि कॉन्फिग उघडावा.

दुरुस्ती झाल्यावरची तपासणीही फसवू शकते. जुन्या कर्नेलमधून नुसते रीस्टार्ट करून नव्यात आले, तर काही उपकरणांची वीज मधल्या काळात तुटतच नाही आणि जुन्या कर्नेलने उतरवलेले फर्मवेअर त्यांच्या मेमरीत तसेच राहते. इंटेलच्या ब्लूटूथ चिप या बाबतीत ओळखीच्या आहेत. चिप आधीच कामाला लागलेली दिसली की ड्रायव्हर फाइल मागत नाही. ब्लूटूथ चालते, तुम्ही जुना कर्नेल काढून टाकता, आणि दुसऱ्या दिवशी बंद यंत्र सुरू केल्यावर उणे दोन पुन्हा समोर येते. म्हणून नव्या कर्नेलची परीक्षा रीस्टार्टने घेऊ नये. यंत्र पूर्ण बंद करून, लॅपटॉप नसल्यास वीजही काढून, थोडे थांबून मग सुरू करावे, आणि तोवर बूटच्या यादीतला जुना कर्नेल जागेवर राहू द्यावा.