पीआरके जुनं म्हणून बाद? अजिबात नाही

लॅसिक, स्माईल आणि पीआरके हे चष्मा घालवायच्या लेसर शस्त्रक्रियेचे प्रकार. त्यात स्माईलच करा, पीआरके आता जुनं झालं, असं जो तो सांगत सुटतो, पण ते खरं नाहीये. लॅसिकमध्ये बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याची, म्हणजे कॉर्नियाची, साधारण १००-१२० मायक्रॉनची झडप उचलून खाली लेसर मारतात, स्माईलमध्ये २ ते ४ मिलिमीटरच्या छेदातून आतली चकती काढतात, आणि पीआरकेत झडपच नसते, फक्त वरची नाजूक त्वचा काढतात. म्हणूनच पडदा पातळ असेल किंवा बॉक्सिंग, कुस्तीसारखा खेळ असेल तर डॉक्टर बरेचदा तेच सुचवतात! हां, पहिले तीनचार दिवस डोळे चांगलेच चुरचुरतात, पाणी येतं, नजर स्थिरावायला काही आठवडे जातात, पण शेवटी दिसतं जवळपास तितकंच छान. त्यामुळे पॅकेजचं नाव नंतर, आधी कॉर्नियाची जाडी आणि टोपोग्राफीचा, म्हणजे त्याच्या पृष्ठभागाच्या आकाराच्या नकाशाचा, रिपोर्ट बघा.