तालीम (मराठवाडा)

तालीम : कुस्तीचा सराव आणि त्यासोबत मनाची जडणघडण जेथे होते ती, परंपरेने पुरुषांची, व्यायामसंस्था. प्रस्तुत नोंदीत मराठवाड्यातील तालमीचा विचार मुख्यतः मनोबल घडविण्याच्या अंगाने केला आहे. डाव आणि लढतीचे नियम यांसाठी ‘कुस्ती’ ही नोंद पाहावी.

शब्दाचे मूळ अरबी ‘तअलीम’ म्हणजे शिकविणे. इल्म, मुअल्लिम, उलेमा हे शब्द त्याच धातूचे. शिकवणुकीचा हा शब्द मातीच्या आखाड्याला केव्हा चिकटला, हे निश्चितपणे सांगणे कठीण आहे. निजामी राजवटीत आधी फार्सी आणि नंतर उर्दू ही कारभाराची भाषा असल्याने मराठवाड्यापुरता तो हैदराबादेहून आला असावा, असे सहज वाटते. परंतु पुण्याची चिंचेची तालीमही अठराव्या शतकातील मानली जाते, म्हणजे निजामी मुलखाबाहेरही हा अर्थ रुळलेला होता. तेव्हा त्याचे आगमन आणखी मागे, बहमनी सत्तेपासून (१३४७) मराठीत आलेल्या अरबी-फार्सी शब्दांच्या ओघात शोधणे अधिक सयुक्तिक ठरेल. वस्ताद, पहिलवान, कुस्ती, जोर, खुराक हे शब्द याच वाटेने आले. माती, लंगोट, बैठक मात्र देशी राहिले. ‘डावपेच’ या जोडशब्दात तर डाव देशी आणि पेच फार्सी. दोन परंपरा येथे कशा एकजीव झाल्या, हे या एका शब्दात दिसते.

प्रत्यक्ष मल्लविद्या अर्थात याहून पुष्कळ जुनी आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात (सुमारे ११२९–३१) ‘मल्लविनोद’ हे स्वतंत्र प्रकरण आहे. कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण, निलंगा-उमरग्यापासून फार दूर नाही. मल्लांचे वर्ग, त्यांचा आहार आणि भारश्रम (वजन उचलणे), भ्रमणश्रम (चालणे), सलिलश्रम (पोहणे), बाहुपेल्लणकश्रम (बाहूंची मेहनत), स्तंभश्रम (खांबावरची मेहनत) असे मेहनतीचे प्रकार त्यात सांगितले आहेत. स्तंभश्रमात मल्लखांबाचे पूर्वरूप पाहिले जाते आणि ते पटण्यासारखे आहे. मात्र त्यावरून गावोगावच्या तालमींची परंपरा थेट चालुक्यकाळापर्यंत नेणे धाडसाचे होईल. ग्रंथातील मल्ल राजाश्रयातले आहेत. शेतकऱ्याच्या पोराने पहाटे लंगोट कसून मातीत उतरावे, हे त्यात येत नाही. मधल्या शतकांतील ग्रामीण तालमींबद्दलचा पुरावा तुटक आहे.

तालमीतील मनाचे शिक्षण शब्दांनी फारसे होत नाही. पहाटे अंधारात उठणे, आखाडा उकरणे, ठरलेले जोर आणि बैठका पुऱ्या करणे, हा क्रम थंडीत वा उपासमारीच्या सालातही सुटू नये असा दंडक असे. नव्या पोराला वस्ताद पहिल्यांदा डाव शिकवीत नाही. तो आखाड्याची माती उकरून मऊ करायला लावतो, थोरांचे अंग रगडायला लावतो, आणि मग आपल्याहून वजनाने भारी गड्याशी जोड लावतो. पोरगा रोज पडतो. पडून उठायचे, कपाळाला माती लावायची, पुन्हा खडाखडीला (लढतीच्या सुरुवातीच्या हातांच्या झटापटीला) उभे राहायचे. ‘दम’ आणि ‘रग’ हे दोन शब्द तालमीत वेगळे वापरले जातात : रग अंगातली, दम मनातला. रग प्रत्येक पोरात असते; ती जिरवून तिचा दम करणे हे वस्तादाचे काम. संध्याकाळी पडलेल्या पोराला जवळ बसवून पट (प्रतिस्पर्ध्याचे पाय ओढण्याचा डाव) काढताना त्याचा तोल कुठे गेला, हे सर्वांसमोर उलगडले जाई. पराभव लपवायचा नसतो, तो बोलून शिकायचा असतो, ही तालमीची सर्वांत मोलाची देणगी. व्यायामाच्या वर्णनात ती बहुधा राहून जाते.

परीक्षा जत्रेत होई. लोहा तालुक्यातील माळेगावची खंडोबाची यात्रा (मार्गशीर्ष वद्य चतुर्दशी) आणि लातूरची सिद्धेश्वर यात्रा यांतील कुस्त्यांचे फड प्रसिद्ध आहेत. लहान पोरांच्या रेवड्यांच्या (बक्षीस म्हणून रेवड्या मिळणाऱ्या) कुस्तीपासून फड सुरू होतो.

महाराष्ट्र केसरीची पहिली स्पर्धा १९६१ मध्ये औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) येथे झाली. १९६९ साली लातूर येथे हा किताब निलंगा तालुक्यातील रामलिंग मुदगडच्या हरिश्चंद्र बिराजदारांनी मिळविला. पुढच्याच वर्षी एडिंबरोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी सुवर्णपदक जिंकले. नंतर पुण्यात वस्ताद म्हणून त्यांनी पिढी घडविली. त्यांचे शिष्य, बीड जिल्ह्यातील पाटोद्याचे राहुल आवारे यांनी २०१८ च्या गोल्ड कोस्ट राष्ट्रकुल स्पर्धेत ५७ किलो गटात सुवर्ण आणि २०१९ च्या जागतिक स्पर्धेत ६१ किलो गटात कांस्यपदक मिळविले. मोठ्या यशासाठी मराठवाड्याच्या मल्लाला पुणे-कोल्हापूरची वाट धरावी लागते, हे मात्र खरे.

आधुनिक क्रीडा मानसशास्त्रात मानसिक कणखरपणाची व्याख्या अनेकांनी केली. पीटर क्लफ व सहकाऱ्यांनी (२००२) नियंत्रण, बांधिलकी, आव्हान आणि आत्मविश्वास असे चार घटक मांडले. तालमीच्या दिनक्रमात हे चारही सापडतात. तरीही या मांडणीत कणखरपणा हा एकट्या व्यक्तीचा गुण ठरतो, तर तालमीत तो जोडीदार, वस्ताद आणि गाव यांच्यात वाटलेला असतो. म्हणून तालमीच्या संदर्भात ही चौकट अपुरी वाटते.

‘पुरुषाने रडू नये, बोलू नये’ ही समजूत तालमीच्या नावावर खपविली जाते, तिला तालमीच्या रीतीत आधार नाही. दुष्काळ आणि कर्ज यांनी पिचलेल्या या प्रदेशात अशा मौनाची किंमत मोठी आहे. याउलट हरलेल्या गड्याला उचलून घेण्याची तालमीची रीत आजही टिकून आहे. जानेवारी २०२० च्या महाराष्ट्र केसरीच्या अंतिम लढतीत लातूरचे शैलेश शेळके आणि नाशिकचे हर्षवर्धन सदगीर, दोघेही वस्ताद काका पवारांचे शिष्य, समोरासमोर आले. सदगीर जिंकले आणि त्यांनी शेळकेंना खांद्यावर घेऊन मैदानात फिरविले.