शंभर मीटर, एका मिनिटाच्या आत

११ ऑगस्ट १९११. होनोलुलूच्या बंदरात ड्यूक कहानामोकू नावाचा वीस वर्षांचा तरुण १०० यार्ड (सुमारे ९१ मीटर) ५५.४ सेकंदांत पोहला. तेव्हाच्या विक्रमापेक्षा तब्बल ४.६ सेकंद कमी! अमेरिकेतल्या हौशी क्रीडा संघटनेने हा नवा विक्रम मानलाच नाही. घड्याळं चुकली असतील, नाहीतर बंदरातल्या प्रवाहाने पुढे ढकललं असेल, अशी शंका. संशय अगदीच खुळा नव्हता म्हणा. इतका फरक एका झटक्यात सहसा पडत नाही. पण पुढच्याच वर्षी ड्यूकने स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये १०० मीटरचं सुवर्ण पटकावलं.

पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट दाट असतं. त्यात वेग दुप्पट केला, की विरोध साधारण चौपट होतो आणि त्याला पुरून उरायला शक्ती आठपट लागते. १०० मीटर फ्रीस्टाइलचा, म्हणजे हव्या त्या पद्धतीने पोहायच्या शर्यतीचा, अधिकृत यादीतला पहिला विक्रम हंगेरीच्या झोल्तान हालमायचा, १९०५ सालचा : १ मिनिट ५.८ सेकंद. १९२४ मध्ये जॉनी वाइसमुलरने तोच ५७.४ सेकंदांवर आणला. वेग वाढला जेमतेम १५ टक्के, पण नुसत्या ताकदीवर एवढं साधायचं तर ती दीडपट हवी. एकोणीस वर्षांत माणसाचे दंड काही दीडपट झाले नव्हते. मग पाण्याचा विरोधच कमी झाला असणार.

तो कमी झाला मुख्यतः पायांमुळे. छातीत हवा असल्याने ती तरंगते, पाय मात्र जड. ते खाली जातात, अंग तिरकं होतं आणि पाणी पोटा-मांड्यांवर आदळत राहतं. जुन्या ट्रजन पद्धतीत हात पाण्याबाहेरून पुढे येत, पण पाय कात्रीसारखे फाकत आणि प्रत्येक वेळी वेगाला खीळ बसे. क्रॉल या नव्या पद्धतीत पाय जवळजवळ सरळ ठेवून, कमरेपासून, वरखाली भराभर मारायचे. अमेरिकेच्या चार्ल्स डॅनियल्सने हातांच्या एका पूर्ण फेरीत पायांचे सहा फटके बसवले. ड्यूकचे पायही असेच पृष्ठभागाजवळ फडफडत. या फटक्यांनी पुढे ढकललं जातं ते थोडंच. मोठा फायदा हा, की पाय वर राहतात आणि अंग आडवं होतं.

९ जुलै १९२२ ला कॅलिफोर्नियातल्या अलामेडात वाइसमुलरने ५८.६ सेकंदांत मिनिटाची वेस ओलांडली. पडद्यावरचा टारझन तो नंतर झाला. पॅरिस ऑलिंपिकमध्ये, १९२४ साली, तो ५९ सेकंदांत पहिला आला. दुसरा ड्यूक, वय ३३. तिसरा त्याचाच धाकटा भाऊ सॅम.