रणगाड्याच्या पोटातलं दारूकोठार

सिंहगडावर पुणे दरवाज्यातून आत शिरलं की उजव्या हाताला एक दगडी इमारत लागते. ते गडाचं दारूकोठार. पिठलं-भाकरीच्या ओढीने वर आलेले बहुतेक जण तिथे थांबत नाहीत. ११ सप्टेंबर १७५१ रोजी या कोठारावर वीज पडली. गडाच्या फडणिसांचं घर उद्ध्वस्त झालं आणि घरातली सगळी माणसं गेली.

दारूजवळ माणसाने राहू नये, हे जगभर अशाच अपघातांतून शिकलं गेलं. म्हणूनच स्फोटकांच्या कारखान्यांत इमारती एकमेकींपासून लांब बांधतात आणि मध्ये मातीचे बांध घालतात. कोठारांच्या भिंती भक्कम आणि छप्पर मुद्दाम हलकं ठेवण्याची पद्धतही जुनीच आहे, कारण स्फोट झालाच तर तो वर निघून जावा. खडकीला १८६९ पासून दारूगोळ्याचा कारखाना आहे. पुण्याला हा विषय परका नाही.

रणगाड्यात मात्र लांब ठेवायला जागाच नसते. तीन-चार माणसं, चाळीसेक गोळे, इंधन आणि हायड्रॉलिक तेल, सगळं एका पोलादी पेटीत.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी शर्मन रणगाडे इतके पेटायचे की त्यांच्या पेट्रोल इंजिनाला दोष दिला गेला. तपासात खरं कारण निघालं ते दारूगोळ्याचं. गोळे दोन्ही बाजूंच्या वरच्या कप्प्यांत, म्हणजे शत्रूचा नेम जिथे सहज लागेल तिथेच रचलेले होते. १९४४ पासून ते तळाशी, पाण्याच्या आवरणाच्या पेट्यांत ठेवू लागले. १९४५च्या अमेरिकी लष्करी अभ्यासात भेदल्या गेलेल्या जुन्या रचनेच्या शर्मनपैकी ६० ते ८० टक्के पेटल्याचं दिसलं, तर नव्या रचनेचे १० ते १५ टक्के. माझ्या मते यात पाण्यापेक्षा जागा बदलण्याचं श्रेय मोठं आहे.

कारण गोळा फेकणारी दारू, म्हणजे प्रोपेलंट, जळायला बाहेरची हवा मागत नाही. प्राणवायू तिच्या रसायनातच असतो. रणगाड्यात डिझेलचा भडका उडाला तर आजची स्वयंचलित अग्निशमन यंत्रणा तो पापणी लवते न लवते तोच विझवते. पेटलेलं प्रोपेलंट तिला जुमानत नाही. मग उरतात दोनच उपाय: ते पेटू न देणं, किंवा पेटलं तरी त्याची झळ माणसांपर्यंत न पोहोचू देणं.

१६ डिसेंबर १९७१ रोजी बसंतरच्या लढाईत पूना हॉर्स या रणगाडा रेजिमेंटचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल यांनी पेटलेला सेंच्युरियन रणगाडा सोडायला नकार दिला. तोफ अजून चालते आहे, एवढंच त्यांचं कारण होतं. जन्म पुण्याचा, वय २१. परमवीरचक्राची ही गोष्ट आपल्याला पाठ आहे. पण सेंच्युरियनमध्ये गोळे माणसांच्या आसपासच असत, हे लक्षात घेऊन ती पुन्हा वाचावी.

पुढे वाटा फुटल्या. सोव्हिएत टी-७२ बुटका आणि हलका ठेवायचा होता, म्हणून लोडर, म्हणजे तोफेत गोळा भरणारा माणूस, काढून टरेटच्या, म्हणजे तोफ असलेल्या वरच्या फिरत्या भागाच्या, तळाशी २२ गोळ्यांचं फिरतं चक्र बसवलं. चक्र खाली असल्याने त्यावर नेम लागणं अवघड, पण उरलेले गोळे तोफ डागणारा गनर आणि कमांडर यांच्या आजूबाजूला. ते पेटले की सगळंच पेटतं आणि टरेट उडून पडतं. १९९१मध्ये इराकमध्ये आणि २०२२पासून युक्रेनमध्ये जगाने हे पाहिलं. अमेरिकी एब्रम्सने मात्र जुन्या कोठारांचीच रीत उचलली. गोळे टरेटच्या मागच्या कप्प्यात, मध्ये जाड सरकतं दार आणि वर दाबाने उडून जाणारी पॅनेल. इस्रायली मर्कावात गोळे मागच्या बाजूला आगरोधक डब्यांत गेले.

आपल्याकडे दोन्ही वाटा नांदतात. टी-७२ आणि टी-९० चक्रवाले. अर्जुनमध्ये वेगळा कप्पा आणि ब्लो-ऑफ पॅनेल आहेत, आणि मार्क-१ए मध्ये दारूगोळ्याच्या कप्प्यांना स्वतंत्र झडपा आल्या. अर्जुनची १२० मिमी तोफ पाषाणच्या एआरडीई या डीआरडीओच्या शस्त्रास्त्र-संशोधन संस्थेची. तिथून जवळच, सुतारवाडीच्या एचईएमआरएल या स्फोटकांच्या प्रयोगशाळेत पहिल्या, म्हणजे पेटू न देण्याच्या, उपायावर काम चाललं आहे: ठिणगी किंवा तापलेल्या तुकड्याने सहजी न पेटणारं ‘लोव्हा’ प्रोपेलंट. आरडीएक्स या स्फोटकाचे कण पॉलिमरमध्ये बांधून ते बनवतात. मला हे काम चिलखताइतकंच मोलाचं वाटतं, कारण त्याचा फायदा जुन्या रचनेच्या रणगाड्यातल्या माणसालाही होऊ शकतो.

वेगळ्या कप्प्याची किंमत वजनात मोजावी लागते. टी-९० सुमारे ४६ टनांचा, अर्जुन मार्क-१ए ६८ टनांचा. हा सगळा फरक काही कप्प्याचा नाही, पण मोठं टरेट आणि त्याभोवतीचं चिलखत त्यात येतंच, आणि मग पूल, रेल्वेचे वाघिणी-डबे, मऊ जमीन सगळ्यांचा विचार करावा लागतो.

आणि कप्पा असला तरी दार मिटलेलं हवं. एब्रम्सचा लोडर गुडघ्याने कळ दाबतो, दार सरकतं, तो गोळा ओढून घेतो, दार परत मिटतं. लढाईच्या घाईत वेळ वाचवायला ते उघडंच राहिलं, तर कप्पा आणि माणसं यांच्यामध्ये काहीच उरत नाही. म्हणून हे दार मिटणं प्रशिक्षणात हाडीमांसी खिळेपर्यंत घोटून घेतात.